आयुर्विमा-दाव्यांचे वाद (हैदराबाद)

विमेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने मागितलेली रक्कम कंपनीने नाकारली, रखडवली किंवा कमी दिली, की दावा वादग्रस्त ठरतो. नकाराच्या पत्रात सहसा विमेदाराच्याच वर्तनावर बोट ठेवलेले असते : आजार लपवला, दुसऱ्या पॉलिसीची माहिती दिली नाही, हप्ता चुकवला, पहिल्या वर्षात आत्महत्या केली, अपघात झाला तेव्हा दारू प्यायलेला होता. उत्तर द्यायला विमेदार हयात नसतो, ही या वादांतली मूळ अडचण. कायद्याचा बराचसा भाग तिच्याभोवतीच उभा आहे.

हैदराबादचा विम्याशी संबंध जुना आहे. निजाम सरकारने १९०७ मध्ये नोकरवर्गासाठी कुटुंब निवृत्तिवेतन निधी काढला. तेलंगण सरकारच्या आजच्या आयुर्विमा खात्याचे मूळ त्यात सापडते. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. आयुर्विमा महामंडळाच्या दक्षिण-मध्य विभागाचे मुख्यालय सैफाबादेत आहे. विमा नियामक प्राधिकरण २००१ मध्ये दिल्लीहून हैदराबादला आले आणि सध्या नानकरामगुड्यात आहे. हे प्राधिकरण म्हणजे विम्याचे वरिष्ठ न्यायालय, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. प्राधिकरण कंपन्यांसाठी नियम करते, ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर आलेली तक्रार कंपनीकडे धाडून तिचा पाठपुरावा करते. एखाद्या वारसाचा दावा खरा की खोटा, याचा निवाडा करत नाही. तो निवाडा विमा लोकपाल, ग्राहक आयोग आणि न्यायालये करतात.

वादाचे मध्यवर्ती कलम म्हणजे विमा अधिनियम, १९३८ मधील कलम ४५. पूर्वी दोन वर्षांनंतरही कंपनीला लबाडी सिद्ध करून पॉलिसी मोडता येत असे. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तीन अटी घातल्या : दडवलेली गोष्ट महत्त्वाची हवी, ती फसवण्याच्या हेतूने दडवलेली हवी आणि विमेदाराला ती ठाऊक असायला हवी. २०१५ च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची केली आणि त्यानंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीला आव्हान देण्याची वाट बंद केली. फसवणुकीच्या कारणासाठीही ती खुली राहिली नाही. म्हणूनच तीन वर्षांच्या आतल्या मृत्यूला विमा कचेरीत ‘अर्ली क्लेम’ म्हणतात आणि अशा दाव्याची चौकशी ठरलेली असते : दवाखान्यांचे जुने कागद, नोकरीच्या ठिकाणच्या वैद्यकीय रजा, शेजाऱ्यांचे जबाब. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली, तर तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. पंधरा वर्षे हप्ते भरलेले घरही अशा वेळी ‘अर्ली क्लेम’मध्ये जाऊन बसते, हप्ता थकवण्याची ही बाजू पॉलिसी विकताना क्वचितच कुणी सांगते.

तीन वर्षांच्या आत नकार देताना कंपनीला कारणे लेखी कळवावी लागतात. फसवणूक नसून केवळ चुकीची माहिती असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. फसवणुकीचा आरोप असेल आणि विमेदार वारला असेल, तर तो खोडून काढण्याचा भार मात्र वारसांवर येतो. दुरुस्तीतला हा सर्वांत कठोर भाग आहे. नवऱ्याने अर्जात काय लिहिले होते, हेच ज्या बाईला माहीत नाही, तिने त्याचा हेतू निर्मळ होता हे दाखवायचे! त्याच कलमाचे एक स्पष्टीकरण थोडे वारसांच्या बाजूने झुकते : विमा विकणारा माणूस करार घडवण्यापुरता कंपनीचाच प्रतिनिधी समजावा. प्रस्ताव अर्ज बहुधा एजंट भरतो, आजारांच्या रांगेत ‘नाही, नाही, नाही’ अशी त्याचीच लेखणी फिरते आणि विमेदार शेवटच्या पानावर सही करतो. ही रीत सर्वांना ठाऊक असूनही नकाराच्या पत्रात दोष एकट्या सही करणाऱ्याचा धरला जातो.

कोणती गोष्ट ‘महत्त्वाची’, यावर निकालांची लांबलचक मालिका आहे. किरकोळ, तात्पुरत्या तक्रारी न लिहिणे म्हणजे दडवणूक नव्हे, असे हैदराबादेतील आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकातच म्हटले होते. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात मणक्याचा आजार लिहिला नव्हता, मृत्यू हृदयविकाराने झाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्कम द्यायला लावली. इतर पॉलिसी न सांगण्याबाबत मात्र सूर बदलत गेला. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने अशी दडवणूक नकाराला पुरेशी मानली. १० एप्रिल २०२४ रोजी एका तेलुगू कुटुंबाच्या प्रकरणात उलट निकाल आला. विमेदार २०११ मध्ये रेल्वे अपघातात दगावला. त्याच्या नावे इतर कंपन्यांच्या सुमारे ७१ लाखांच्या पॉलिसी होत्या आणि त्या त्याने सांगितल्या नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. जिल्हा ग्राहक मंच आणि राज्य आयोग विमेदाराच्या मुलीच्या बाजूने, राष्ट्रीय आयोग कंपनीच्या. सर्वोच्च न्यायालयाने पुरावा मागितला, तेव्हा कंपनीकडे निघाला एक तक्ता. त्यामागे आधाराची कागदपत्रे नव्हती. मुलगी जिंकली.

वर्तनाचे खरेखुरे नियम दिसतात ते अपघाती मृत्यूच्या जादा लाभाच्या कलमात. दारू किंवा अमली पदार्थांचा अंमल, कायदेभंग, दंगल याबरोबरच आयुर्विमा महामंडळाच्या जुन्या पॉलिसींत शिकार, गिर्यारोहण, अडथळ्यांची घोडदौड आणि ‘अनैतिकता’ही होती. हे सारे अपवाद फक्त जादा लाभाला लागू पडतात. दारू पिऊन गाडी चालवताना मेलेल्याच्या घरच्यांची मूळ विमा रक्कम एवढ्या कारणाने बुडत नाही. वारस नकाराचे पत्र नीट न वाचता दोन्हींवर पाणी सोडतात. मूळ रकमेवरचा आत्महत्येचा अपवाद मात्र साधारण पहिल्या बारा महिन्यांचा असतो.

उघड गुन्ह्यांची प्रकरणे संख्येने थोडी, पण कंपन्यांचा संशय त्यांच्यावर पोसला जातो. जानेवारी २०२३ मध्ये मेदक जिल्ह्यात मोटारीसह जळालेला मृतदेह हैदराबाद सचिवालयातील एका कर्मचाऱ्याचा मानला गेला. तो कर्मचारी नंतर पुण्यात जिवंत सापडला. ७ कोटींहून अधिक विम्यासाठी त्याने दुसऱ्याचा बळी घेतला, असा पोलिसांचा आरोप आहे. अहमदनगर जिल्ह्यातील राजूरला २०२१ मध्ये, अमेरिकेतील ५० लाख डॉलरच्या विम्यासाठी एका मनोरुग्णाला नागदंशाने मारल्याचा आरोप अशाच स्वरूपाचा.

चौकशी नको असलेला मृत्युदावा १५ दिवसांत आणि चौकशीचा ४५ दिवसांत निकाली काढावा, असे प्राधिकरणाचे २०२४ चे बंधन आहे. नकार आल्यावर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते. मग एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाखांची आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक. हैदराबादचे लोकपाल कार्यालय लकडी-का-पूल भागात असून तेलंगण, आंध्र प्रदेश व यानम त्याच्या कक्षेत येतात. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्यानुसार त्याची पायरी विमा रकमेवर नव्हे, भरलेल्या हप्त्यांवर ठरते, त्यामुळे बहुतेक दावे जिल्हा आयोगातच दाखल होतात. दोन्ही ठिकाणी तक्रारदाराचे राहते ठिकाण ग्राह्य धरले जाते. हैदराबादेत नोकरी करताना घेतलेल्या पॉलिसीसाठी नांदेड किंवा लातूरच्या वारसाला हैदराबाद गाठावे लागत नाही.