शातो

नारायणगावच्या ‘शातो इंडाज’ या वाइन कंपनीच्या नावातला पहिला शब्द ‘चॅटू’पासून ‘चाटो’पर्यंत कसाही ऐकू येतो. लॅटिन ‘कास्त्रुम’ म्हणजे लष्करी तळ. त्याचं धाकटं रूप ‘कास्तेल्लुम’, छोटा किल्ला. त्यातूनच इंग्रजी ‘कॅसल’ आला आणि फ्रेंच ‘शातो’. शिवनेरीच्या तालुक्यात तो परका कसा? पुढे शातो म्हणजे सरदारी वाडा झाला आणि बोर्दोत तर वाइन करणारा द्राक्षमळाच. तिथल्या १८५५च्या प्रतवारीत पहिल्या वर्गात लाफित, मार्गो यांच्यासोबत ‘शातो लातूर’ आहे. मराठवाड्याशी संबंध नाही. ‘ला तूर’ म्हणजे बुरूज! आज फ्रान्समध्ये बाटलीवर ‘शातो’ लिहायचं तर द्राक्षं त्याच मळ्यातली लागतात. किल्ला नसला तरी चालतो.