कर्परांतर्गत दाबाचे छेदविरहित मापन

कवटीला छिद्र न पाडता, रक्तदाब आणि मेंदूतील रक्ताचा वेग यांच्या एकाच वेळी घेतलेल्या नोंदींवरून कवटीच्या आतील दाब गणिताने काढण्याची पद्धत. ताठर कवटीत मेंदू, रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव दाटीने सामावलेले असल्यामुळे जखम, रक्तस्राव किंवा सूज यांनी आतील आकारमान वाढले की दाब चढतो आणि मेंदूला रक्त अपुरे पडू लागते. निजलेल्या निरोगी प्रौढात हा दाब साधारणतः 7 ते 15 मिमी. पारा असतो. तो प्रत्यक्ष मोजण्यासाठी, स्वीडनचे नील्स लुंडबर्ग यांनी 1960 मध्ये विस्ताराने वर्णन केलेल्या पद्धतीप्रमाणे, मेंदूतील पोकळीत नळी घालावी लागते. तीत रक्तस्रावाचा व जंतुसंसर्गाचा धोका असल्याने अत्यवस्थ नसलेल्या रुग्णांत ही मोजणी सहसा केलीच जात नाही, आणि छेदविरहित पद्धतीची खरी निकड तेथेच आहे.

रूने आस्लिड यांनी 1982 मध्ये कानशिलाच्या पातळ हाडातून 2 मेगाहर्ट्‌झचे श्राव्यातीत ध्वनितरंग पाठवून मेंदूच्या मध्य धमनीतील रक्ताचा वेग मोजून दाखविला आणि हा मार्ग खुला झाला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील फैसल काशिफ, जॉर्ज व्हर्गीज व थॉमस हेल्ट यांनी केंब्रिजच्या मारेक चोस्निका यांच्यासह 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात मेंदूचा रक्तमार्ग दोनच घटकांत मांडला आहे : प्रवाहाला होणारा रोध आणि धमन्यांची ताणली जाण्याची क्षमता. नाडीच्या ठोक्यात दाब झपाट्याने बदलतो त्या क्षणांवरून प्रथम ही क्षमता, नंतर उरलेल्या प्रवाहावरून रोध काढतात; रोध व सरासरी प्रवाह यांचा गुणाकार सरासरी रक्तदाबातून वजा केला की कर्परांतर्गत दाब मिळतो. प्रवाहाऐवजी केवळ वेग वापरला तरी चालते, कारण धमनीचा छेद मोजणीच्या अवधीत स्थिर असेल तर तो या गुणाकारातून आपोआप गळतो. इतर रुग्णांच्या नोंदींवर सूत्र आधी बेतून घ्यावे लागत नाही, हे या पद्धतीचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य होय.

अडचणी मुख्यतः संकेतांच्या आहेत. रक्तदाब बहुधा मनगटाच्या धमनीत सुई ठेवून मोजतात (त्यामुळे पद्धत तेवढ्यापुरती छेदविरहित राहत नाही), आणि त्याची लहर मेंदूतील लहरीशी कालदृष्ट्या जुळवून घ्यावी लागते. दाबमापकाची पातळी डोक्यापेक्षा 10 सेंमी. खाली असेल, तर रक्तस्तंभाच्या वजनामुळेच सुमारे 8 मिमी. पाऱ्याची चूक शिरते. निरोगी दाबाच्या मानाने ही चूक फार मोठी आहे. काही व्यक्तींत, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, कानशिलाचे हाड जाड असल्याने ध्वनितरंग आत पोचतच नाहीत.

डोक्याला दुखापत झालेल्या 37 रुग्णांच्या नोंदींवर या प्रतिमानाची सरासरी चूक 1.6 मिमी. आणि प्रमाण विचलन 7.6 मिमी. आढळले. एवढे विचलन असताना उपचाराचा निर्णय या एकाच आकड्यावर सोपविता येत नाही. त्यामुळे अत्यवस्थ रुग्णांत नळीद्वारे केलेले मापनच प्रमाण मानले जाते.