नाशिक जिल्हा : नकाशा त्यांचा, खुर्ची कुणाची?

पश्चिमेला सह्याद्री आणि पेठ-सुरगाण्याचा आदिवासी पट्टा, मधोमध गोदावरी, उत्तरेला गिरणा, पूर्वेला येवला-नांदगावचा कोरडा भाग. १८६९ साली इंग्रजांनी उभा केलेला नाशिक जिल्हा आज १५ तालुक्यांचा आहे. पण जिल्हा नुसता नद्या-डोंगरांनी बनत नाही. पाणवठा, शाळा, दवाखाना कोणाच्या हातात, यावर तो बनतो.

१९२३ साली बोले ठरावाने सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. अंमलबजावणी मात्र नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे होती. तिथे मताचा हक्क मालमत्तेवर! म्हणून ठराव कागदावरच राहिला. १९२६ साली बोल्यांना पुन्हा ठराव मांडावा लागला: न पाळणाऱ्यांचे अनुदान बंद करा.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी बजावले की, नुसता प्रौढ मताधिकार पुरेसा नाही, दलितांना राखीव जागा हव्यात. गावगाड्यात अल्पसंख्य असलेल्याला दुसरे संरक्षण कोणते?

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागांना घटनेचे बळ दिले. मात्र मार्च २०२२ मध्ये नाशिक जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. निवडणूक नाही, म्हणजे राखीव जागाही नाही!

मित्रांनो, आरक्षण रद्द न करताही ते असे रिकामे करता येते. म्हणून निवडणूक वेळेवर व्हावी, ही मागणी आपलीच आहे.

जय भीम!