बाणकोटची भरती आणि साहेबांची डोंगरसहल



गेल्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर गुलमर्गचा व्हिडिओ आला आणि फर्माईश सुरू झाली, "मार्चमध्ये स्कीइंगला जाऊ, नवख्यांना झेपेल असं काहीतरी प्लॅन कर." वाचायला बसलो. पहिलाच नियम: वसंतात पहाटे निघायचं आणि लवकर उतरायचं, कारण ऊन चढलं की बर्फ सैल होतं. मला आमचं मंडणगडच आठवलं. इथे बर्फ कुठला! पण निसर्गाचं घड्याळ बघून नवख्यांना डोंगरावर न्यायचं प्लॅनिंग आमच्या तालुक्यातल्या बाणकोटला दोनशे वर्षांपूर्वी चालायचं.

१७५५ मध्ये इंग्रजांनी बाणकोट तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. १८१८ ला पेशवाई गेली, तेव्हा दक्षिण कोकणचा कारभार आधी इथूनच चालला. १८२२ मध्ये तो रत्नागिरीला हलला. पुढे १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वर वसवलं आणि मुंबईच्या साहेबांची उन्हाळ्यात तिकडे रीघ लागली.

तेव्हा रेल्वे नव्हती. मग समुद्रातून बाणकोट, भरतीबरोबर सावित्रीतून वर महाडकडे आणि पुढे घाट. गंमत बघा, सावित्री उगम पावते महाबळेश्वरला आणि समुद्राला मिळते बाणकोटला. म्हणजे नदीच्या शेवटापासून सुरुवातीपर्यंत, सुमारे साडेचार हजार फूट चढाई! भरती चुकली की होडी अडली, आणि पावसाच्या आत परतायचं.

साहेब आणि मडमांना हे झेपलं कसं? पालखी खांद्यावर घेणाऱ्या भोयांमुळे. महाबळेश्वरचे पॉइंट लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर यांच्या नावांचे. भोयांच्या नावाचा एकही मला अजून दिसला नाही.

आर्थर म्हणजे आर्थर मॅलेट. त्याची बायको आणि तान्हं बाळ याच खाडीत बोट बुडून गेले, म्हणून तो वर बसून सावित्रीकडे बघत राहायचा, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. खरी-खोटी काहीही असो, आर्थर सीटवरून सावित्रीचं खोरं दिसतं, आणि खाडी कुणाची वाट बघत नाही हे इथलं पोरगंही जाणतं.

१८६३ ला बोरघाटातून रेल्वे पुण्याला पोचली. लोक पुण्याकडून जायला लागले आणि बाणकोट मागे पडलं.

गुलमर्गचं ठरेल तेव्हा ठरेल. शिमग्याला टीमला आधी बाणकोटला नेतोय. किल्ला पहाटे चढायचा, ऊन तापायच्या आत उतरायचं. आणि कुणी दमलं तर? थांबायचं. आपल्याला उचलायला भोई नाहीत, आणि नसावेत.

भेटू पुढच्या भागात!