भरल्या धरणाचे हादरे

धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो, हे पहिल्यांदा पुराव्यानिशी मांडले अमेरिकेच्या डीन कार्डर यांनी, १९४५ साली. कोलोरॅडो नदीवरच्या हूव्हर धरणामागे १९३५ पासून मीड सरोवर भरू लागले होते. पुढच्याच वर्षी आसपासच्या लोकांना धक्के जाणवू लागले आणि १९३९ साली ५ रिश्टरचा हादरा बसला. कार्डर यांनी धक्क्यांच्या नोंदी आणि सरोवराची पातळी शेजारीशेजारी मांडली, तेव्हा दोन्हींचा चढउतार एकमेकांशी नाते सांगू लागला. तळातले जुने भ्रंश, म्हणजे ज्यांच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकू शकतात अशा खडकांतल्या भेगा, पाण्याच्या भाराने हलत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

साठच्या दशकात मोठमोठी धरणे भरली आणि उदाहरणे वाढत गेली. चीनमधले शिनफेंगजियांग १९६२ साली, आफ्रिकेत झांबेझीवरचे करिबा १९६३ साली, ग्रीसमधले क्रेमास्ता १९६६ साली. तिन्हीकडे ६ रिश्टरच्या आसपासचे भूकंप झाले. मग आली कोयना, आणि या विषयाचे नावच तिच्याशी जोडले गेले.

दख्खनचे पठार अढळ आहे, अशी तेव्हाच्या जाणकारांची ठाम समजूत होती. देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, तेव्हा भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या फक्त पाच टक्के धरला होता. १९६२ च्या सुमारास धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि लगोलग खोऱ्यात छोटे हादरे सुरू झाले. घरातली भांडी वाजायची, जमिनीतून घरघर यायची. १९६७ च्या सप्टेंबरात एक चांगलाच मोठा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, ६.३ रिश्टरच्या भूकंपाने कोयनानगर जमीनदोस्त केले. जवळपास दोनशे माणसे गेली. थंडीच्या दिवसांत, गाढ झोपेत, दगडमातीच्या घरांखाली.

धरण मात्र उभे राहिले. पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, नेमक्या त्या उंचीवर त्याला आडव्या भेगा गेल्या. पुढे त्याच बाजूने काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन ते मजबूत केले गेले. धरणातच बसवलेल्या त्वरणमापकाने तो हादरा टिपला होता. गृहीत धरलेल्या पाच टक्क्यांच्या जागी त्यावर त्रेसष्ट टक्क्यांची नोंद झाली. काँक्रीटच्या धरणांचा अभ्यास करणारे अभियंते आजही तो आलेख गणितासाठी वापरतात. त्या रात्रीतून जगाला मिळालेली ही सर्वांत मोलाची नोंद आहे, असे मला वाटते.

भूकंप पाण्याने झाला की पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींनी, हा वाद मग बराच काळ चालला. केवळ भाराने असे होणे पटत नव्हते, आणि ते रास्तच होते. शंभर मीटर पाण्याचा दाब भरतो वातावरणाच्या दहापट. पाच किलोमीटर खाली खडकावरचा दाब त्याच्या शंभराहून अधिक पट असतो. उत्तराचा धागा सापडला अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळ. तिथे लष्कराच्या रसायन कारखान्याचे सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबले जात होते आणि शहराला धक्के बसत होते. १९६६ साली पाणी सोडणे थांबवले, तरी सर्वांत मोठे धक्के बसले ते १९६७ मध्ये. भेगांत शिरलेले पाणी भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना आतून रेटते, त्यांची एकमेकींवरची पकड सैल करते, आणि हा दाब खोलवर पोचायला वेळ घेतो. भ्रंश आधीच ताणलेला असेल, तर थोडासा सैलपणाही पुरतो. पाणी भूकंपाचे बळ पुरवत नाही, त्याची वेळ अलीकडे आणते.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांनी कोयनेच्या नोंदी जगभरच्या धरणांशी ताडून पाहिल्या. धरण किती भरले एवढ्याने भागत नाही. ते किती झपाट्याने भरले, पूर्वीची कमाल पातळी ओलांडली का, आणि वरची पातळी किती दिवस टिकली, हेही पाहावे लागते, असे या कामातून पुढे आले. वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेला सरकले. भूकंप अजून चालूच आहेत, आणि तेही एका छोट्याशा टापूत. एकाच जागी इतकी वर्षे चाललेले असे उदाहरण जगात दुसरे नाही.

म्हणूनच पुढे कोयना परिसरातल्या गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले, ते २०१७ पर्यंत पूर्ण झाले. सव्वा किलोमीटरच्या काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. त्याचे नमुने आणि मोजमापे कऱ्हाडजवळच्या हजारमाचीच्या प्रयोगशाळेत अभ्यासली जातात. याहून खोल जाऊन भ्रंशाच्या शेजारी उपकरणे ठेवायची आणि भूकंपाच्या आधी, होताना व नंतर खडकातला ताण, पाण्याचा दाब आणि तापमान मोजायचे, हा पुढचा बेत आहे. कार्डर यांच्यापासून आजवर बहुतेकांनी ही मापे पृष्ठभागावरून अंदाजानेच बांधली आहेत.