आचरणाचा धडा : संत जॉन बॉस्को आणि तुरिनचीं मुलें

तरुण पिढी हाताबाहेर गेली, हें गाऱ्हाणें कोणत्याही एका काळाचें नव्हे. आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण होत असतां तेंच पुनः कानीं पडतें. यावर उपाय उपदेशांत आहे कीं आचरणांत, याचा निर्णय करण्यास एकोणिसाव्या शतकांतील इटलींतील तुरिन शहराचा इतिहास साहाय्यभूत होईल.

संत जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजीं बेक्की या वाडीवर एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं झाला. दोन वर्षांचे होण्यापूर्वींच ते पितृसुखास अंतरले. माता मार्गारेट हिनें त्यांस वाढविलें. आपल्या आठवणींत ते लिहितात कीं, बाळपणीं वाटेंत धर्मगुरु भेटले म्हणजे ते वंदन करीत. धर्मगुरु सौजन्यानें वंदन स्वीकारून पुढें चालूं लागत, थांबून दोन शब्द बोलत नसत. आपण धर्मगुरु झालों तर मुलांच्या जवळ जाऊं, असें ते आईस म्हणत. पुढें कालोस्सो नांवाच्या एका वृद्ध धर्मगुरूंनीं त्यांस जवळ करून लॅटिन शिकविलें. एकाच बालकानें दोन्ही प्रकारचे धर्मगुरु पाहिले, आणि दोहोंपासून तो शिकला.

५ जून १८४१ रोजीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यांचे मार्गदर्शक संत जोसेफ काफास्सो यांनीं त्यांस तुरुंगांत नेलें. सुटल्यावर कोणी हात न दिल्यामुळें पुनः तेथेंच आलेले तरुण त्यांनीं पाहिले. त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं ते मिस्सेचीं वस्त्रें परिधान करीत असतां, मिस्सेची सेवा येत नाहीं म्हणून चर्चच्या सेवकानें एका अनाथ गवंडी मुलास मारून हांकलून दिलें. बॉस्को यांनीं त्यास परत बोलावलें, त्याची मायेनें विचारपूस केली आणि मिस्सेनंतर क्रुसाची खूण करण्यापासून त्याचें शिक्षण आरंभिलें.

१८४६ सालच्या ईस्टरला वाल्दोक्को येथील एका पडवींत या मुलांस हक्काची जागा लाभली. त्याच वर्षीं माता मार्गारेट गांव सोडून तेथें आली व निराधार मुलांची आई झाली. बॉस्को मुलांबरोबर खेळत, धांवत. १८५३ सालीं शिवणकाम सुरू झालें, तेव्हां बाळपणीं शिकलेली ती कला त्यांनीं स्वतः शिकविली. १८५४ सालीं तुरिनमध्यें पटकीची सांथ आली, तेव्हां ते रोग्यांच्या सेवेस निघाले आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचीं मुलेंही निघालीं. तीं आज्ञेनें गेलीं नाहींत. पुढें जाणारा त्यांनीं पाहिला होता.

त्याच वर्षीं दोमिनिक साव्हियो हा बालक तेथें आला. १८५६ सालीं त्यानें सोबत्यांसह निष्कलंक मातेच्या नांवें एक मंडळ स्थापिलें. नव्यानें आलेल्या व वांड मुलांस सांभाळून घेणें, हें त्यांतील मुलांनीं आपलें काम मानिलें. ९ मार्च १८५७ रोजीं, पंधरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, तो देवाघरीं गेला. दोनच वर्षांनीं बॉस्को यांनीं त्याचें चरित्र लिहिलें, कारण मुलांपुढें मुलाचाच आदर्श असावा, हें ते जाणत होते. पुढें पवित्र सभेनें बॉस्को यांस १९३४, काफास्सो यांस १९४७ व दोमिनिक यास १९५४ सालीं संतपद दिलें. एका दिव्यानें दुसरा दिवा लागावा, तशी ही परंपरा आहे.

प्रिय धर्मबंधु-भगिनींनो, हें लिहितांना माझेंच मन मला टोंचतें. मिस्सा संपल्यावर लगबगीनें निघालेल्या माझ्याकडे पाहत उभीं राहिलेलीं मुलें मला आठवतात. त्यांनीं वंदन केलें, मीं तें स्वीकारलें आणि पुढें गेलों. घरोघरींही असेंच घडत असेल: मुलांस जपमाळेला बसवून वडील ओट्यावर गप्पा मारीत असतील, तर मूल जपमाळ शिकणार नाहीं, ओटा शिकेल. या ज्युबिलीनिमित्त आपण एवढाच निश्चय करूं: मूल वाटेंत भेटेल, तेथें क्षणभर थांबूं, आणि ज्या वाटेनें त्यानें जावें असें वाटतें, त्या वाटेवर प्रथम आपलें पाऊल टाकूं.