‘चेक’ या शब्दाची कुळकथा

बँकेंत जाऊन आपण चेक वटवितों, दुकानांत चौकड्याचें कापड घेतांना ‘चेक्स दाखवा’ म्हणतों, आणि आगगाडींत तपासनीस येऊन गेला म्हणजे ‘तिकिटें चेक झालीं’ असें सांगतों. इंग्रज मनुष्य तर अडविणें, आळा घालणें, ताळा पाहणें अशा कितीतरी अर्थांनीं हा शब्द वापरतो. पैशाचा कागद, कापडाची वीण आणि तपासणी यांचें एकमेकांशीं नातें काय? कोशांत हे अर्थ एकाखालीं एक मांडलेले आढळतात. ते एका कुळांत कसे आले हें मात्र इतिहासालाच विचारावें लागतें.

या कुळाचा मूळपुरुष बुद्धिबळाच्या पटावर सांपडतो. आपल्याकडील चतुरंग इराणांत गेला तेव्हां त्याचें नांव चतरंग झालें. सातव्या शतकांत अरबांनीं इराण जिंकल्यावर तोच खेळ शतरंज झाला आणि त्यांच्याबरोबर युरोपांत पोंचला. राजावर संकट आलें कीं इराणी खेळाडू ‘शाह’ असा पुकारा करून प्रतिपक्षास सावध करीत. जुन्या फ्रेंच भाषेंत त्याचा ‘एशेक’ झाला व इंग्रजींत ‘चेक’. मराठींत आपण जो ‘शह’ देतों तो याच शाहाचा. म्हणजे शह आणि चेक हे सख्खे भाऊ होत. एक फारसींतून थेट आपल्या घरीं आला, दुसरा युरोपची यात्रा करून आला, इतकेंच. शह बसला कीं राजाला योजलेली खेळी सोडावी लागते. अडथळा आणि आळा हे अर्थ यांतूनच निघाले.

पटावरून हा शब्द खजिन्यांत शिरला. पहिल्या हेन्री राजाच्या कारकीर्दींत (११००–११३५) इंग्लंडांत सरकारी हिशेबाचें जें दफ्तर उभें राहिलें, त्याला बुद्धिबळाच्या पटावरूनच ‘एक्स्चेकर’ म्हणूं लागले. पुढें खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानें बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याची सविस्तर हकीकत लिहून ठेवली. दहा फूट लांब व पांच फूट रुंद असें एक मेज, त्यावर रेघा आंखलेलें काळें कापड, आणि पेनी, शिलिंग, पौंड यांच्या निरनिराळ्या रकान्यांत सरकविलेल्या सोंगट्या, असा तो थाट होता. रोमन आकड्यांत शून्य नाहीं व स्थानमूल्यहि नाहीं. तें काम हे रकाने करीत. एका बाजूस खजिनदार, दुसऱ्या बाजूस वसुलीचा जाब देणारा जिल्ह्याचा शेरीफ! या दोघांची झुंज बुद्धिबळांतल्यासारखीच असते, असें फिट्झनील स्वतःच म्हणतो. पटासारख्या चौकटी ज्या कापडावर असत, त्यालाहि हेंच नांव पडलें.

भरणा झाल्याची पावती मात्र लांकडी असे. काठीवर रकमेप्रमाणें खांचा पाडीत. हजार पौंडांची खांच तळहाताएवढी रुंद, शंभरांची आंगठ्याएवढी. मग काठी उभी चिरून एक भाग भरणाऱ्याला देत आणि दुसरा दफ्तरीं ठेवीत. दोन्ही भाग जुळले तर हिशेब खरा. पुढें कागद आला तरी युक्ति तीच राहिली. अठराव्या शतकाच्या आरंभीं ‘चेक’ हें नांव खजिन्याच्या रोख्याच्या स्थळप्रतीला होतें, कारण ती लबाडीला शह देई. पुढें तें नांव स्थळप्रतीवरून पैसे देण्याच्या हुकुमाकडे सरकलें. इंग्लंडांत त्याचें स्पेलिंगहि एक्स्चेकरच्या वळणावर गेलें. अमेरिकेनें जुनें साधें रूपच ठेविलें.

लांकडी पावत्यांची पद्धत १८२६ सालीं बंद झाली. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं त्या काठ्यांचे ढीग उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळावयास घेतले, तों आग भडकली आणि पार्लमेंटचीं दोन्ही सभागृहें भस्मसात झालीं. शतकानुशतकें ज्यांनीं हिशेब राखला, त्यांनींच जातां जातां राज्यसभेची राख केली!

आतां या शब्दाच्या प्रवासाकडे एकवार मागें वळून पाहावें. आरंभीं तो राजाला दिलेला इशारा होता. मग राजाच्या खजिन्यानें त्याला चाकरीस ठेविलें व शेरिफांच्या मानेवर बसविलें. परंतु १७८७ सालीं अमेरिकेची राज्यघटना तयार झाली, तेव्हां तिच्यावरील वादांत एका सत्तेनें दुसरीवर ठेवावयाच्या दाबाला हाच शब्द योजिला गेला. शब्द पुन्हा आपल्या मूळ कामावर रुजू झाला. बँकेंत आपण आज त्याला धनादेश म्हणतों, आणि तो शब्द चांगलाहि आहे. परंतु धनादेशांत केवळ आज्ञा आहे, शह नाहीं. चेक फाडतांना हातीं राहणारी ती अरुंद स्थळप्रत मात्र अजून सांगते कीं, देणाऱ्याच्या शब्दाला ताळा हवा, मग तो देणारा राजा कां असेना.